भाणार : एका शिलालेखातून कळलेलं मांडलिक राज्य

नकाशात साकोली शोधा. पश्चिमेला भंडारा, ईशान्येला बालाघाट जिल्ह्यातलं लांजी, दक्षिणेला गडचिरोलीतलं वैरागड. नऊशे वर्षांपूर्वी या तिन्ही ठिकाणी छोटी छोटी राज्यं होती. हे कळतं ते छत्तीसगडमधल्या रतनपूरच्या एका शिलालेखामुळे.

लेखात काय आहे?

हा लेख कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याचा. त्यावर कलचुरी संवत ८६६, म्हणजे इ.स. १११४ हे वर्ष आहे. कोणकोणत्या मंडलांचे प्रमुख जाजल्लदेवाला दरवर्षी खंडणी किंवा नजराणा देत, त्यांची यादी त्यात येते. त्यात वैरागर, लांजिका आणि भाणार ही नावं आहेत. भाणार म्हणजे आजचं भंडारा.

काही जण गावाच्या नावाचा संबंध पितळेच्या भांड्यांशी जोडतात. पण शिलालेखातला पुरावा ‘भाणार’कडे बोट दाखवतो.

मांडलिक म्हणजे नेमकं कोण?

मंडल म्हणजे प्रदेश, त्याचा प्रमुख तो मांडलिक. आपल्या मुलखात राज्य तोच चालवायचा, फक्त मोठ्या राजाचं वर्चस्व मान्य करून वर्षाला ठरलेली रक्कम किंवा वस्तू पोचवायचा. मोठ्या राजालाही हे सोयीचं होतं, कारण जंगल-डोंगरांच्या मुलखात कायमचं सैन्य ठेवण्यापेक्षा खंडणी घेणं स्वस्त पडे. वैरागडसारख्या ठिकाणी तर हिऱ्यांच्या खाणी होत्या.

गंमत म्हणजे रतनपूरचे कलचुरी स्वतःच आधी जबलपूरजवळच्या त्रिपुरीच्या कलचुरींचे मांडलिक होते. जाजल्लदेवाने ते वर्चस्व झुगारलं आणि स्वतःच्या नावाची सोन्याची नाणी पाडली. कालचा मांडलिक आज खंडणी घेणारा झाला!

मग भाणारचा राजा कोण?

लेखात त्याचं नाव नाही. यादी खंडणी घेणाऱ्याने कोरून घेतली, त्यामुळे देणाऱ्याचा फक्त मुलूख नोंदला गेला. छोट्या राज्यांचा इतिहास बऱ्याचदा असाच दुसऱ्याच्या हिशेबातून कळतो.

चीनमधलं त्सेंग हे असंच एक छोटं राज्य. ग्रंथांत त्याचा उल्लेख जेमतेम सापडतो. पण १९७८ मध्ये हूबेइ प्रांतात त्याच्या ‘यी’ नावाच्या राजाची कबर उत्खननात उघडली आणि तिच्यात ६५ कांस्य घंटांचा संच निघाला. त्यातली एक घंटा शेजारच्या बलाढ्य चू राज्याच्या राजाने भेट दिलेली होती, तसं तिच्यावर कोरलंय. दुय्यम समजलेलं राज्य किती संपन्न होतं, हे जगाला तेव्हा कळलं.

म्हणून गावातल्या पडक्या देवळाजवळ एखादा अक्षरं असलेला दगड दिसला, तर त्याला शेंदूर फासण्याआधी किंवा पायरीला बसवण्याआधी पुरातत्त्व विभागाला कळवा. भाणारच्या राजाचं नाव कदाचित अशाच दगडावर असेल.