राक्षसांची कचेरी आणि आमचे प्रेक्षक

राक्षसाला पाहून हसण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. 'संगीत सौभद्रा'त घटोत्कच सुभद्रेला उचलून नेतो, तेव्हा प्रेक्षागृहात कोणाची छाती धडधडत नाही. आमच्या झाडीपट्टीत तर भाऊबीज उलटली की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत गावोगाव मंडई भरते, आणि रात्रभर नाटक, दंडार, खडीगंमत चालते. तेथे तोंडाला काजळ फासलेला राक्षस मंचावर आरोळी ठोकतो, आणि पाचच मिनिटांनी मंडपामागे विडी ओढताना पोरांना दिसतो. पोरे त्याला मुळीच भीत नाहीत. असे असताना याच मुलुखातली थोरली माणसे एका राक्षसाच्या चित्रपटापुढे गोंधळून का बसली, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडलेला आहे.

चित्रपटाचे नाव 'कार्गो'. कार्गो म्हणजे जहाजावरचा माल. दिग्दर्शिका आरती कडव मूळच्या नागपूरच्या, म्हणजे कारध्याहून साठेक किलोमीटरवरच्या, आणि शिक्षणाने कानपूरच्या आय.आय.टी.मधल्या अभियंता. हा हिंदी बोलपट 2019 साली मुंबईच्या मामी महोत्सवात दाखविला गेला, आणि 9 सप्टेंबर 2020 रोजी नेटफ्लिक्सवर घरोघर येऊन पोचला.

कथा 2027 सालातली. मनुष्य आणि राक्षस यांच्यात तह झालेला आहे, आणि मेलेल्या माणसांची पुढची व्यवस्था पाहण्याचे काम राक्षसांच्या एका खात्याकडे आले आहे. 'पुष्पक 634 ए' नावाचे अंतराळयान ही त्या खात्याची एक कचेरी. तेथला अधिकारी प्रहस्त. रामायणात हेच नाव रावणाच्या सेनापतीचे आहे. रोज सकाळी मेलेली माणसे यानात येतात. त्यांच्या जवळच्या चीजवस्तू काढून घ्यायच्या, जखमा बऱ्या करायच्या, मग एका खुर्चीत बसवून सगळ्या आठवणी पुसून टाकायच्या आणि नव्या जन्माला धाडून द्यायचे. मेलेला तो माणूस नव्हे, 'कार्गो'. प्रहस्ताच्या भूमिकेत विक्रांत मेस्सी आहे. त्याच्या हाताखाली नवी आलेली युविष्का श्वेता त्रिपाठीने केली आहे. जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या काचेतून प्रहस्ताशी बोलणारे वरिष्ठ म्हणजे आपले नंदू माधव. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त ते दादासाहेब फाळके झाले होते. फाळक्यांच्या पहिल्या नायकाला स्मशानात चाकरी करावी लागली, आणि फाळके झालेला नट येथे मृतांच्याच खात्यात वरिष्ठ होऊन बसला, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो.

टीकाकारांनी चित्रपटाचे बऱ्यापैकी कौतुक केले. थोड्या पैशांत उभे केलेले यान, जुन्या यंत्रांचे सुटे भाग जोडल्यासारखी त्यातली सामग्री, पुराण आणि विज्ञान यांची मोट, नटांचा संयम, हे सारे त्यांना भावले. गती मंद आहे, उभे केलेले प्रश्न अर्ध्यावर सोडले आहेत, असेही काहींनी म्हटले. ते खोटे नाही. मधला अर्धा तास मलाही जड गेला.

आमच्याकडच्या प्रेक्षकांची तक्रार मात्र निराळी होती. मी वर्गात विज्ञानकथा शिकवितो, म्हणून हा चित्रपट मुलांना पाहावयास सांगत आलो आहे. निम्मी मुले येऊन विचारतात, "सर, हसायचे कुठे?" आमच्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांनी तर सरळ हरकत घेतली, की यात विज्ञान औषधालाही नाही. त्यांचे मोजमाप नारळीकरांचे. जयंत नारळीकरांनी 1974 साली टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला धाडली आणि पारितोषिक मिळविले; तिथपासून विज्ञानकथेत विज्ञान कणा म्हणून हवे, अंगरखा म्हणून नको, हा संस्कार आपल्यावर झाला. त्या मापाने 'कार्गो' नापासच होईल. पण ते माप येथे लावू नये, असे मला वाटते. येथे यान हे यान नाहीच. ती तहसील कचेरी आहे. नोंद, तपासणी, शिक्का, पुढचा माणूस! चित्रगुप्ताची वही आपण पिढ्यान्पिढ्या ऐकत आलो; ती वही चालवायची तर कोणीतरी कारकून हवा, त्याला एकटेपणा हवा, वरिष्ठांचा धाक हवा, बदलीची भीती हवी. विनोद तो तेवढाच, आणि तो हळू आवाजातला. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी ज्याने दोन दिवस बाकावर काढले असतील, त्याला तो ऐकू येतो. माझ्या वर्गातल्या मुलांनी अजून तेवढे बाक झिजविलेले नाहीत.

याच दिग्दर्शिकेचा 'मिसेस' 2025 च्या फेब्रुवारीत घरच्या पडद्यावर आला, तेव्हा काय गदारोळ झाला! मल्याळी चित्रपटावरून बेतलेली ती स्वयंपाकघरात पिचणाऱ्या सुनेची गोष्ट. घराघरांत भांडणे जुंपली. कोणी डोळे पुसले, कोणी चिडले. वास्तविक ओट्यापाशी रोज तेच ते करणारी ती सून आणि यानात रोज तेच ते करणारा तो राक्षस यांच्यात मला फारसे अंतर दिसत नाही. पण 'कार्गो'वर कोणी भांडले नाही. अपवाद एकच, आणि तो आमच्या शेजारच्या आजींचा.

ते दिवस आठवावेत. 2020 च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर आला. एरवी वर्तमानपत्रांना कारधा आठवते ते पुलापाशी पाणी किती चढले एवढ्यापुरतेच; त्या वर्षी मात्र पाणी घराघरांत शिरले. पूर ओसरतो न ओसरतो तोच पितृपक्ष लागला. करोनाची साथ त्याच सप्टेंबरात शिगेला पोचत होती. कोणाचा बाप इस्पितळातून परस्पर स्मशानात गेला, कोणाला अस्थी मिळावयास दिवस लागले. माणसे खरोखरीच मालासारखी हलविली जात होती, आणि नेमक्या त्या पंधरवड्यात हा चित्रपट घरात आला. त्यावर कोणी हसले नाही, यात नवल ते काय?

आजींचे यजमान त्याच उन्हाळ्यात गेले होते. आमच्या घरी पोरांनी चित्रपट लावला होता, त्या येऊन बसल्या. राक्षसांना पाहून त्या हसल्या, जखमा बऱ्या करणाऱ्या युविष्काला त्यांनी "पोरगी गुणाची आहे" असे प्रशस्तिपत्रही दिले. पण खुर्चीचा प्रसंग आला, आठवणी पुसल्या जाऊ लागल्या, तशा त्या एकदम म्हणाल्या, "मंग मास्तर, पितराईले घास कोनाच्या नावानं टाकाचा? त्याईलेच आठवन नाही, त ते येतीन कायले?"

मी वाचलेल्या एकाही परीक्षणात हा प्रश्न आला नव्हता. कोरे-एडा या जपानी दिग्दर्शकाच्या 1998 सालच्या 'आफ्टर लाइफ' चित्रपटात अशीच एक मृतांची कचेरी आहे. तेथे मेलेल्याला आयुष्यातली एक आठवण निवडून बरोबर नेता येते. आजींना मी ती गोष्ट सांगितली. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "एकच?"

सर्वपित्रीच्या दिवशी आजींनी पत्रावळीवर वाढले, कावळा आला. दोन दिवसांनी त्यांनी तो चित्रपट पुन्हा लावावयास सांगितला. अट एकच, खुर्चीत बसविण्याच्या आधी बंद करायचा. आम्ही तेवढाच पाहिला.