नेमणुकीपासून बडतर्फीपर्यंत : खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांचे सेवासंरक्षण

महाराष्ट्रातील शिक्षणप्रसाराच्या कार्यात खाजगी संस्थांचा वाटा फार मोठा आहे. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, तर १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. त्या काळी चालक आणि शिक्षक यांचे नाते सहकाऱ्यांचे होते; त्यागही दोघांचा समान होता. पुढे शाळा वाढल्या, अनुदान मिळू लागले, आणि हे नाते हळूहळू मालक व नोकर यांच्या नात्यासारखे होऊ लागले. शिक्षकाला कामावर ठेवणे वा काढून टाकणे ही कित्येक ठिकाणी चालकांच्या मर्जीची बाब बनली. माध्यमिक शाळा संहितेत सेवाशर्ती नमूद होत्या खऱ्या, परंतु ती संहिता म्हणजे प्रशासकीय सूचना होत्या. तिला कायद्याचे बळ नव्हते.

ही उणीव दूर करण्यासाठी महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ संमत करण्यात आला. त्याखालील नियम १९८१ मध्ये करण्यात आले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये अधिनियम अमलात आला. अनुदान घेणाऱ्या व न घेणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या खाजगी शाळांना तो लागू आहे. अधिनियमाच्या उद्देशिकेत दोन गोष्टी सांगितल्या आहेत. कर्मचाऱ्याला सेवेची शाश्वती मिळावी, म्हणजे तो विद्यार्थी, पालक व समाज यांच्याविषयीचे कर्तव्य नीट पार पाडू शकेल, ही पहिली. तो व्यवस्थापनाला उत्तरदायी राहावा, ही दुसरी. म्हणजेच सेवासंरक्षण ही कामचुकारपणाला दिलेली सवलत नव्हे. उद्या नोकरी राहील की नाही, या विवंचनेत असलेल्या शिक्षकाचे लक्ष वर्गात राहत नाही, हा त्यामागील विचार आहे.

नेमणूक व परिवीक्षा

कायम स्वरूपाचे पद रिक्त झाल्यास ते शक्य तितक्या लवकर भरणे, हे व्यवस्थापनाचे कर्तव्य ठरविण्यात आले आहे. अशा पदावर नेमलेल्या कर्मचाऱ्याचा परिवीक्षा कालावधी दोन वर्षांचा, तर शिक्षण सेवकाचा तीन वर्षांचा असतो. या काळात काम वा वर्तणूक समाधानकारक न आढळल्यास एक महिन्याची नोटीस अथवा तितके वेतन देऊन सेवा संपविता येते. तसे न करता कालावधी पूर्ण झाल्यास कर्मचारी कायम झाल्याचे मानले जाते.

परिवीक्षा म्हणजे मनमानीची मोकळीक नव्हे. या काळातील कामाचे वस्तुनिष्ठ मूल्यमापन मुख्याध्यापकाने करावे आणि त्याची नोंद ठेवावी, असे नियम सांगतात. दोन वर्षे एक शब्दही न लिहिता शेवटच्या दिवशी 'काम असमाधानकारक' असा शेरा मारणे कायद्याला धरून नाही आणि नीतीलाही धरून नाही. कर्मचाऱ्याला त्याची उणीव वेळेवर कळली, तरच ती सुधारण्याची संधी त्याला मिळते.

राजीनाम्याच्या बाबतीतही अधिनियमाने दक्षता घेतली आहे. राजीनामा दोन प्रतींत लिहून दोन्ही प्रतींवर कर्मचाऱ्याने सही करावी, तारीख घालावी, एक प्रत नोंदणीकृत डाकेने व्यवस्थापनाकडे पाठवावी व दुसरी स्वतःजवळ ठेवावी, अशी तरतूद आहे. वरकरणी ही बाब किरकोळ वाटेल. परंतु कोऱ्या कागदावर आधीच सही घेऊन ठेवण्यासारख्या अनिष्ट प्रकारांना तिने आळा बसतो.

शिस्तभंगाची कार्यवाही

गैरवर्तन, नैतिक अधःपतन, कर्तव्यातील हेतुपुरस्सर व सततची हयगय आणि अकार्यक्षमता या कारणांवरून कर्मचाऱ्यावर कारवाई करण्याचा अधिकार व्यवस्थापनाला आहे. ताकीद, ठपका किंवा वेतनवाढ रोखणे यांपासून पदावनती व सेवासमाप्तीपर्यंतच्या शिक्षा नियमांत दिल्या आहेत. मात्र मोठी शिक्षा चौकशीवाचून देता येत नाही.

ही चौकशी तीन सदस्यांची समिती करते. एक सदस्य व्यवस्थापनाचा, दुसरा खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांमधून आरोपित कर्मचाऱ्याने स्वतः सुचविलेला, आणि तिसरा राज्य वा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या नामिकेतून निवडलेला. मुख्याध्यापकाच्या चौकशीत तिसरा सदस्य पुरस्कारप्राप्त मुख्याध्यापकांमधून घेतला जातो. आरोप करणाऱ्यानेच निवाडा करू नये आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून निर्णय होऊ नये, या नैसर्गिक न्यायाच्या दोन सूत्रांचा मिलाफ या रचनेत दिसतो. दोषारोप लेखी द्यावे लागतात, उत्तर देण्यास मुदत द्यावी लागते, साक्षीपुरावा कर्मचाऱ्यासमक्ष व्हावा लागतो. चौकशी सामान्यतः १२० दिवसांत पूर्ण व्हावी, अशी अपेक्षा आहे.

निलंबन ही शिक्षा नाही, ती चौकशीच्या सोयीसाठी केलेली तात्पुरती व्यवस्था आहे. त्याकरिता शिक्षणाधिकाऱ्याची पूर्वमान्यता आवश्यक असते, आणि निलंबित कर्मचाऱ्याला निर्वाह भत्ता द्यावाच लागतो. या भत्त्याकडे दानधर्म म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. शिक्षेविरुद्धचे अपील प्रलंबित असताना निलंबित शासकीय कर्मचाऱ्याचा निर्वाह भत्ता नाममात्र एक रुपयावर आणणारी तरतूद राज्याच्या सेवा नियमांत होती. ती सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये रद्दबातल ठरविली. ज्याच्या घरी चूल पेटत नाही, त्याने स्वतःचा बचाव करावा तरी कसा, हा त्यामागील साधा प्रश्न होय.

एका प्रकरणाचा धडा

कार्यपद्धतीकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, हे मराठवाड्यातील एका प्रकरणावरून स्पष्ट होते. संस्थेवर आलेल्या मालमत्ता कराच्या भरण्यासाठी कर्मचाऱ्यांनी दरमहा १,५०० रुपये द्यावेत, असे पत्र शाळेतून काढण्यात आले. एका शिक्षिकेने त्यास नकार दिला. त्या शिक्षिकेला लागोपाठ ज्ञापने देण्यात आली आणि नोव्हेंबर २००६ मध्ये तिला निलंबित करण्यात आले. शिक्षणाधिकाऱ्याने निलंबनास मान्यता नाकारली, तरी तिला कामावर घेतले गेले नाही. एकतर्फी चौकशी होऊन जून २००७ मध्ये तिची सेवा संपविण्यात आली. शाळा न्यायाधिकरणाने २००९ मध्ये तो आदेश रद्द करून मागील वेतनासह तिला कामावर घेण्यास सांगितले. उच्च न्यायालयाने मागील वेतनाचा भाग काढून टाकला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ऑगस्ट २०१३ मध्ये तोही पुन्हा कायम केला. सेवासमाप्ती बेकायदेशीर ठरल्यास सेवेत पुनःस्थापना व मागील वेतन हा सर्वसाधारण नियम होय. वेतन नाकारणे म्हणजे अन्याय सोसणाऱ्यालाच शिक्षा करून अन्याय करणाऱ्याला बक्षीस देणे होय, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

सहा-सात वर्षे चाललेल्या या वादात शिक्षिकेच्या आयुष्यातील उमेदीचा काळ गेला. संस्थेच्या पदरी तरी काय पडले? न्यायालयाच्या फेऱ्या आणि देण्याचा बोजा. न्यायाधिकरणाने ठरविलेली रक्कम संस्थेला मिळणाऱ्या अनुदानातून कापून परस्पर कर्मचाऱ्याला देण्याची शिफारस करण्याचीही तरतूद अधिनियमात आहे. अनुदान हा जनतेचा पैसा आहे, आणि तो वर्गखोल्यांवर व विद्यार्थ्यांवर खर्च व्हावयाचा असतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

सर्वांची जबाबदारी

सेवासमाप्तीच्या आदेशाविरुद्ध आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. प्रत्येक शिक्षकाला व शिक्षकेतर कर्मचाऱ्याला ही मुदत ठाऊक असावयास हवी. मुख्याध्यापकांनी वार्षिक गोपनीय अहवाल वेळच्या वेळी लिहिले आणि प्रतिकूल शेरे संबंधितांना कळविले, तर बहुतेक तंटे उद्भवण्यापूर्वीच मिटतील. खरोखरच अपात्र वा बेजबाबदार असलेला कर्मचारीही अशा नोंदींच्या आधारेच सेवेतून दूर करता येतो. जेथे दप्तर कोरे असते, तेथे संस्थेची खरी तक्रारही टिकत नाही.

गावोगावच्या शिक्षणसंस्थांच्या कार्यकारी मंडळांवर पंचायतींचे सदस्य व गावातील जाणती माणसे असतात. एखाद्याला काढून टाकण्याचा ठराव बैठकीपुढे आला, की त्यांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : आरोप लेखी दिला आहे काय? त्याचे म्हणणे ऐकले आहे काय? शिक्षा अपराधाच्या प्रमाणात आहे काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आल्यावाचून हात वर करू नये. मुलांना न्यायाचे धडे देणाऱ्या शाळेत स्वतःच्या माणसांना न्याय मिळतो की नाही, हे ती मुलेही पाहत असतात.