माळाचा अपराधी

मराठीचा अध्यापक गवतावर लिहितो म्हटल्यावर वाचकांना हसू येईल. पण माझ्या हातून एका माळाचा अपराध घडला आहे, आणि तो कबूल करायला दिवाळीसारखा मुहूर्त नाही.

बारा वर्षांपूर्वी सोलापूर जिल्ह्यातल्या एका माळावर मी महाविद्यालयाची मुले घेऊन गेलो. 'ओसाड जमीन हिरवी करू' या उत्साहात आम्ही दोन दिवसांत उंदीरमारीची पाचशे रोपे लावली. मेंढ्या घेऊन चाललेले एक धनगरबाबा थांबले नि म्हणाले, "मास्तर, ह्यो माळ वसाड हाय म्हून कुनी सांगितलं तुमास्नी? पाऊस पडल्यावर येऊन बगा."

त्यांना अडाणी ठरवून मी मोकळा झालो. रोपे मात्र जगली! मध्य अमेरिकेतून आलेले हे झाड. त्याच्या दाट सावलीत गवत तग धरीना. पवन्या गेला, मारवेल गेले. जमिनीवर घरटे करणारा चंडोल गेला. मेंढ्यांनी वाट बदलली.

चूक एका शब्दाची होती, आणि शब्द हा तर माझा धंदा! इंग्रजी अमदानीत जिच्यातून सारा नाही नि लाकूडही नाही, ती जमीन 'पडीक' ठरली. तोच शब्द आपण पुढे चालवला. वास्तविक माळ म्हणजे मोडलेले जंगल नव्हे. ती स्वतंत्र सृष्टी आहे. माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. त्याच्यासाठी १९७९ साली नान्नजचे अभयारण्य झाले. आज तिथेही तो दृष्टीस पडणे दुर्मीळ.

आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी जुने मराठी ग्रंथ नि लोकगीते यांतली झाडेझुडपे तपासून २०२५ साली दाखवून दिले, की पश्चिम महाराष्ट्रातले माळ निदान ७५० वर्षांपूर्वीही माळच होते. ते वाचून मी वरमलो. वीस वर्षे मी जुने मराठी वाङ्मय शिकवतो. त्यातली भक्ती सांगितली, व्याकरण सांगितले. बोरी-बाभळी काही दिसल्या नाहीत!

गेली तीन वर्षे ग्रामसभेच्या संमतीने आम्ही ती चूक निस्तरतो आहोत. उंदीरमारी नुसती तोडली तर पुन्हा फुटते, म्हणून मुळासकट काढावी लागते. दिवाळीच्या सुमारास बांधावरच्या देशी गवताचे बी धरते. ते झोडून ठेवायचे आणि पावसाच्या तोंडावर विखरायचे. नवे बी पडेपर्यंत मेंढ्या बाहेर ठेवायच्या, नंतर मुद्दाम बोलवायच्या. कारण चराई अजिबात बंद केली तरी वाळके गवत साचून माळ गुदमरतो.

धनगरबाबा आता नाहीत. त्यांचा नातू मला गवतांची नावे शिकवतो. यंदा एका तुकड्यावर पवन्या गुडघाभर आला. चंडोल अजून आलेला नाही. परवा वर्गात मुलांनी विचारले, "सर, यंदा झाडे कुठे लावायची?"

मी म्हटले, "आधी माळावर जाऊ. त्या पोराला विचारू."