एक्स-रेची फिल्म धुताना थर्मामीटर कशाला?



मुलाचा खोकला दोन आठवडे हटला नाही की डॉक्टर छातीचा एक्स-रे काढायला सांगतात. फोटो काळपट किंवा पांढुरका आला की आपण म्हणतो, मशीन जुनं झालं असेल. पण फिल्म टाकीत धुतात तिथे खोट पुष्कळदा मशीनमध्ये नसते, डार्करूममध्ये असते.

फिल्मवर सिल्व्हर ब्रोमाइडच्या बारीक कणांचा थर असतो. किरण लागलेल्या कणांतून डेव्हलपर काळी चांदी मोकळी करतो. दहावीला आपण क्षपण शिकवतो ना, तेच हे. मग फिक्सर उरलेलं सिल्व्हर ब्रोमाइड विरघळवून काढून टाकतो. हाडं किरण अडवतात म्हणून पांढरी दिसतात, हवेने भरलेली फुप्फुसं काळी.

आता खरी गोम. ही अभिक्रिया तापमानावर चालते. हाताने फिल्म धुताना नेहमीचं माप म्हणजे २० अंश सेल्सिअसला ५ मिनिटं. द्रावण २४ अंशांवर गेलं तर साधारण ३ मिनिटंच पुरतात. आपल्या मुरबाड-शहापूरकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी गाठतो. त्या दिवसांत टाकीभोवती गार पाणी ठेवलं नाही आणि अंदाजाने "झाली असेल" म्हणत फिल्म उचलली, तर ती काळी पडणारच. क्षयाचा फिकट डाग अशा काळ्या फिल्ममध्ये सहज हरवतो. थंडीत नेमकं उलटं होतं: फिल्म अर्धीकच्ची राहते.

त्याहून वाईट गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. डेव्हलपर हवा लागून आणि वापरून मरत जातो, त्याचा रंग तपकिरी होत जातो. फिल्म फिकी येऊ लागली की द्रावण बदलण्याऐवजी मशीनवरचे किरण वाढवण्याचा मोह होतो. फोटो छान येतो, डॉक्टरही खूश! पण जुन्या द्रावणाची भरपाई पेशंटचं शरीर करत असतं. छातीच्या एका एक्स-रेतले किरण फार थोडे असतात, घाबरायचं कारण नाही. तरीही लहान मुलांवर किरणांचा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त होतो. मग विनाकारण जादा डोस का द्यायचा? फोटो बिघडला म्हणून दुसऱ्यांदा काढला, तर डोसही दुप्पट.

यावर उपाय आहे रोजच्या चाचणी-पट्टीचा. सेन्सिटोमीटर नावाचं छोटं यंत्र फिल्मवर ठरावीक प्रकाशाच्या पायऱ्या उमटवतं. सकाळी पेशंटच्या फिल्मआधी ही पट्टी धुवायची, डेन्सिटोमीटरने तिचा काळेपणा मोजायचा आणि आलेखावर टिंब द्यायचं. यात एक्स-रे मशीनचा संबंधच येत नाही. म्हणून टिंब घसरलं तर दोष धुण्यातच, हे लगेच कळतं. आपण वर्गात मुलांच्या वजन-उंचीचा तक्ता ठेवतो, तसंच हे. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा रेष कुठे चाललीय ते पाहायचं.

डार्करूमच्या लाल दिव्याची परीक्षा तर नाण्याने होते. हलके किरण दिलेल्या फिल्मवर नाणं ठेवायचं, लाल दिव्याखाली दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि फिल्म धुवायची. नाण्याचा गोल उमटला तर दिवा सदोष आहे किंवा दाराच्या फटीतून उजेड येतोय.

आता बरीच केंद्रं डिजिटल झाली, टाक्या गेल्या. पण तिथे जादा किरण दिले तरी चित्र काळं पडत नाही, संगणक ते सुधारून दाखवतो. म्हणजे चूक आणखी लपते! आपल्या देशात एक्स-रे मशीनवर अणुऊर्जा नियामक मंडळाचं नियंत्रण असतं. हे मंडळ १९८३ साली स्थापन झालं आणि त्याचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. एक्स-रे मशीनला त्यांचा परवाना लागतो आणि मशीनची ठरावीक काळाने तपासणी करून घ्यावी लागते. केंद्रात गेल्यावर परवान्याबद्दल विचारायला संकोच करू नका.

घरी जुनी, टाकीत धुतलेली फिल्म असेल तर वर्गात घेऊन या. ती उजेडासमोर धरा आणि शरीराबाहेरच्या सर्वांत काळ्या भागामागे बोट ठेवा. बोट स्पष्ट दिसलं तर किरण कमी पडलेत किंवा धुणं अपुरं झालंय. काही वर्षांत फिल्म पिवळी-तपकिरी पडली असेल, तर फिक्सरनंतर ती पाण्यात पुरेशी धुतली नव्हती असं समजा. आणि मुलाचा पुन्हा एक्स-रे काढायचा झाला तर जुनी फिल्म डॉक्टरांना दाखवायला जरूर न्या.