यंत्राची परीक्षा घेणारा चमू

संशोधन म्हटले की मोठी प्रयोगशाळा आणि महागडी उपकरणे आपल्या डोळ्यांपुढे येतात. पण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ हा सुमारे १ किलोग्रॅम वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेला, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? पदवीच्या वर्गातील मुले एवढे करू शकतात, तर आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालयांत कृत्रिम बुद्धिमत्तेवर संशोधन करणारा विद्यार्थ्यांचा चमू का उभा राहू नये? तो कसा उभारावा, ते आता पाहू.

प्रश्न शेतातला

चमूला सर्वांत आधी हवा असतो तो नेमका प्रश्न. संगणकाची पाळी त्यानंतर येते. असा प्रश्न दूर शोधावा लागत नाही. पूर्णाकाठच्या काळ्या जमिनीत कपाशी पिकते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशीचे फार मोठे नुकसान केले. ही अळी बोंडात शिरली की तिने पाडलेले छिद्र बुजून जाते आणि बोंड वरून निरोगी दिसते. म्हणून शेतात कामगंध सापळे लावतात. मादी पतंगाच्या गंधासारखा कृत्रिम गंध त्यात असतो. त्याला भुलून नर पतंग सापळ्यात अडकतात. एका सापळ्यात रोज ८ पतंग, असे सलग ३ दिवस आढळले, तर उपाय योजण्याची वेळ आली असे समजतात.

ही मोजणी यंत्राला शिकवता येते. २०१८ साली मुंबईत सुरू झालेल्या वाधवानी कृत्रिम बुद्धिमत्ता संस्थेने सापळ्यातील किडींच्या छायाचित्रावरून त्यांची संख्या मोजणारी आणि त्यानुसार सल्ला देणारी प्रणाली तयार केली. मग आपल्या चमूसाठी काय उरले? पुष्कळ उरले! आपल्या शिवारात, साध्या मोबाइलने, पावसाळी अंधूक उजेडात काढलेल्या छायाचित्रांवर यंत्राची मोजणी किती चुकते? हा प्रश्न लहान असला तरी शेतकऱ्याच्या खिशाशी निगडित आहे.

यंत्र शिकते कसे?

संगणकाच्या दृष्टीने छायाचित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता. काळ्या ठिपक्याला ०, पांढऱ्याला २५५ आणि मधल्या छटांना मधले आकडे. प्रत्येक आकड्याला कमीअधिक ‘भार’ देऊन संगणक बेरीज करतो आणि तीवरून ‘पतंग’ की ‘पाचोळा’ ते ठरवतो. सुरुवातीला तो चुकतो. खरे उत्तर दाखवले की तो भार किंचित बदलतो. हजारो उदाहरणांनंतर चुका कमी होत जातात. फ्रँक रोझेनब्लॅट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५८ साली या पद्धतीचे आद्य रूप मांडले. आजची यंत्रे अशा बेरजांचे अनेक थर एकावर एक रचतात.

यात एक मेख आहे. शिकवणाऱ्यानेच चुकीचे उत्तर दिले, तर यंत्र चूकच पाठ करील! म्हणून प्रत्येक छायाचित्रातील पतंग दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांना न विचारता मोजावेत. उत्तरे जुळली नाहीत तर तिसऱ्याने पाहावे. तरीही शंका उरली तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील कीटकतज्ज्ञांना विचारावे.

शंभरांपैकी नव्वद!

आता यंत्राची परीक्षा. समजा, १०० छायाचित्रे आहेत. त्यांतील ९० मध्ये पतंग आठांहून कमी आहेत आणि १० मध्ये आठ किंवा अधिक. एखादे यंत्र काहीही न पाहता दर वेळी ‘धोका नाही’ एवढेच म्हणू लागले, तर त्याला किती गुण मिळतील? शंभरांपैकी नव्वद! पण धोक्याचे दहाही सापळे त्याने गमावले. म्हणून नुसती टक्केवारी सांगून भागत नाही. किती धोके निसटले आणि किती वेळा उगाच भीती घातली, हे दोन आकडे वेगवेगळे मांडले पाहिजेत. पहिल्या चुकीने पीक जाते, तर दुसरीने फवारणीचा खर्च अंगावर पडतो.

आणखी एक पथ्य आहे. शिकवताना वापरलेली छायाचित्रे परीक्षेत ठेवू नयेत. तसे करणे म्हणजे प्रश्नपत्रिका आधीच फोडणे होय. यंत्राला घाटाखालच्या शेगाव-नांदुऱ्याकडच्या शेतांवर शिकवावे आणि घाटावरच्या चिखली-मेहकरकडच्या शेतांवर तपासावे. तेथेही ते टिकले, तर ते खरोखर शिकले असे म्हणता येईल.

चमू टिकावा कसा?

पाच-सहा जण पुरेत. कोणी छायाचित्रे काढावीत, कोणी पतंग मोजावेत, कोणी संगणकाची आज्ञावली लिहावी. प्राध्यापकांनी मार्ग दाखवावा, पण निर्णय विद्यार्थ्यांनीच घ्यावेत. ‘स्वयम्’चे काम अनेक वर्षे चालले, जुने विद्यार्थी पदवी घेऊन गेले आणि नव्यांनी ते पुढे नेले. हे नोंदींमुळेच जमते. म्हणून तारीख, शेत, उजेड, फसलेला प्रयत्न असे सर्व काही एका वहीत रोजच्या रोज लिहावे. पुढच्या वर्षीच्या मुलांना ही वही संगणकाइतकीच उपयोगी पडते.

करून पाहा

महाविद्यालयात जाईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. एका ताटात ज्वारी पसरा, तीत थोडी तूरडाळ मिसळा आणि ताटाचे छायाचित्र काढा. पाच मित्रांना ते वेगवेगळे दाखवून तूरडाळीचे दाणे मोजायला सांगा. पाचही उत्तरे सारखी येतात काय? नसतील तर यंत्राला कोणते उत्तर खरे म्हणून शिकवाल, आणि का, ते वहीत लिहून ठेवा.