सुईने अमली पदार्थ घेणाऱ्या जोडप्यांमधील एचआयव्ही

सुईने अमली पदार्थ घेणाऱ्या जोडप्यांमध्ये एचआयव्हीचा संसर्ग दोन मार्गांनी होतो : एकच सुई किंवा सिरिंज दोघांनी वापरल्याने, आणि निरोधाविना झालेल्या शरीरसंबंधांतून. जोडप्यातील एकच जण नशा करत असला, तरी दुसरा मार्ग खुला राहतो.

मणिपूरमधील अनुभव

भारतात याचे ठळक उदाहरण म्हणजे म्यानमारच्या सीमेवरील मणिपूर. १९८० च्या दशकात तेथे 'नंबर चार' या नावाने ओळखले जाणारे हेरॉइन सहज मिळू लागले. १९८९-९० च्या सुमारास सुईने नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्ही आढळला आणि अल्पावधीतच त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जण बाधित झाले. १९९६-९७ मध्ये अशा १६१ बाधित पुरुषांच्या पत्नींची पाहणी झाली. या स्त्रिया स्वतः सुईने नशा करत नव्हत्या. तरीही त्यांपैकी ४५ टक्के बाधित होत्या. साथ केवळ नशा करणाऱ्यांपुरती आहे, हा समज त्यामुळे टिकण्याजोगा राहिला नाही.

जोडप्यांतील जोखीम

अनोळखी व्यक्तीची सुई टाळणारे लोकही जोडीदाराची सुई निःशंकपणे वापरतात. निरोधाचेही तसेच आहे. तो मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असा अर्थ घेतला जातो. पत्नीला तर ते अधिकच अवघड. दोघेही नशा करत असल्यास पुष्कळदा पुरुष आधी आणि स्त्री नंतर, त्याच सिरिंजने सुई घेते. सिरिंजमध्ये उरलेल्या रक्तात विषाणू अनुकूल तापमानात काही आठवडेही तग धरू शकतो.

प्रतिबंध

नव्या सुया-सिरिंजचा पुरवठा, ब्यूप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही तोंडावाटे घेण्याची पर्यायी औषधे, निरोध आणि एचआयव्हीविरोधी उपचार हे प्रमुख उपाय होत. जोडीदारांपैकी एकच बाधित असलेल्या १,७६३ जोडप्यांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीत (पुणे हे तिचे एक केंद्र होते) लवकर उपचार दिल्यास जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, असे २०११ मध्ये दिसून आले. मात्र हा निष्कर्ष मुख्यतः लैंगिक संसर्गाविषयी आहे. सामायिक सुईला तो तसाच लागू करता येत नाही.

कायदा

भारतातील एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संसर्ग रोखण्यासाठी स्वच्छ सुया पुरवणे त्यानुसार गुन्हा ठरत नाही. बाधित व्यक्ती समुपदेशनानंतरही जोडीदाराला सांगणार नाही, अशी खात्री झाल्यास डॉक्टर त्या जोडीदाराला माहिती देऊ शकतात. परंतु त्यामुळे हिंसा किंवा परित्याग ओढवण्याची वाजवी भीती असल्यास, बाधित व्यक्ती स्त्री असेल तर ती देता येत नाही.