हात बोलतात, न्यायव्यवस्था ऐकते का?

नाशिकच्या त्रिरश्मी बुद्ध लेण्यांतील २० क्रमांकाच्या लेण्यात तथागतांची भव्य मूर्ती आहे. ओठ मिटलेले, हात मात्र धम्मदेशनेच्या मुद्रेत. पालीचे अक्षर न येणाऱ्यालाही कळते, की येथे उपदेश चालू आहे. आमच्या बैलबाजारातही रुमालाखाली बोटे दाबून हजारोंचे सौदे होत आले. हाताने बोलणे माणसाला नवे नाही.

परंतु खूण वेगळी आणि भाषा वेगळी. बधिर बांधव वापरतात ती भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे नुसते हातवारे नव्हेत. तिला स्वतःचे व्याकरण आहे. 'कोण', 'काय', 'कुठे' हे प्रश्न तिच्यात वाक्याच्या शेवटी येतात. चेहऱ्यावरचे भावही व्याकरणाचेच काम करतात. अशी भाषा माणसात उपजतच उगवते. मध्य अमेरिकेतील निकाराग्वात १९७७ नंतर बधिर मुले प्रथमच मोठ्या संख्येने शाळेत एकत्र आली. शिक्षक ओठ वाचायला शिकवत राहिले. मुलांनी आपसात नवी भाषा घडवली!

तरीही १८८० साली मिलान येथील शिक्षण परिषदेने ठराव करून ही भाषा शाळांतून हद्दपार केली. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. हे ठराव फेटाळायला २०१० साल उजाडले. ज्यांचा प्रश्न त्यांनाच वगळून निर्णय, हा अनुभव आमच्या वाचकांना नवा आहे काय?

वकिली करताना आम्ही पाहिले आहे. एका बधिर मजुराची तक्रार त्याच्या भावाने सांगितली तशीच लिहिली गेली. तो दोन्ही हातांनी 'असे नाही' म्हणत होता. लिहिणाऱ्याने मान वर केली नाही.

कायदा मात्र असा नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यानेही खुणांनी दिलेली साक्ष तोंडी पुरावाच मानली होती. २०१३ च्या दुरुस्तीने अशा साक्षीसाठी दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत आणि चित्रीकरण आवश्यक ठरवले. आज ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १२५ मध्ये आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये तर बधिर वकील सारा सनी यांनी दुभाष्याच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडली.

मग अडते कुठे? अंमलबजावणीत. प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि तालुका न्यायालयात प्रशिक्षित दुभाष्यांची यादी हवी. आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत या भाषेला जागा नाही; तीही मिळाली पाहिजे.

बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला, तेव्हा आपला समाज मुका नव्हता. त्याचे कोणी ऐकत नव्हते. बधिर माणूसही मुका नाही. पुढच्या वेळी ठाण्यात किंवा कचेरीत कोणी त्याच्या वतीने परस्पर बोलू लागला, तर आपण उभे राहावे आणि दुभाषी मागावा. तो त्याचा हक्क आहे.